रंगमंचापुढची बैठक

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगावयास कोणी बसले की १८४३ हे साल हटकून येते. त्या वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीत संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. तेथून पुढे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी मालिका लागते. नाटककारांची चरित्रे येतात, नटांच्या आठवणी येतात, पदांच्या चालींची चर्चा होते. या सर्व वर्णनात एक पात्र सहसा आढळत नाही, ते म्हणजे प्रेक्षक. नाटकास कोण आले, कोणास येता आले नाही, आलेल्यांपैकी कोण कोठे बसले आणि खेळाचा खर्च कोणी सोसला, या गोष्टींचा उल्लेख झालाच तर तो ओझरता होतो. रंगभूमी आणि समाजातील वर्ग यांचे नाते मात्र मुख्यतः याच ठिकाणी ठरते.

चाळीसगावसारख्या ठिकाणाहून पाहिले असता हे नाते अधिक स्पष्ट दिसते. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे जंक्शन असून येथून धुळ्याचा फाटा फुटतो. काळ्या जमिनीचा कापूस, गावातील कापडगिरणी, व्यापारपेठ, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले बंजारा तांडे असे निरनिराळे समाज या एका तालुक्यात शेजारी शेजारी राहत आले. त्या प्रत्येकाची करमणूक निराळी, तिची वेळ निराळी आणि तिच्यासाठी पैसे काढणारा हातही निराळा.

शास्त्रातील खांब आणि नगरीचा निधी

नाटक सर्वांचे, ही घोषणा नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात सर्व वर्णांना उपयोगी पडेल असा पाचवा वेद म्हणून नाट्याची उत्पत्ती सांगितली आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह कसे बांधावे याची माहिती येते, आणि तेथे चार वर्णांच्या नावाने चार खांब उभारण्याचे विधान आहे. ब्राह्मणाचा पांढरा, क्षत्रियाचा तांबडा, वैश्याचा पिवळा आणि शूद्राचा निळसर काळा. हे खांब त्या त्या वर्णाच्या बसण्याची जागा दाखवीत, असा अर्थ अनेकांनी लावलेला आहे. नाटक सर्वांसाठी, पण बैठक ज्याची त्याला, हा प्रकार इतका जुना आहे. शेवटच्या अध्यायात तर नाट्य करणाऱ्या भरतपुत्रांनाच ऋषींच्या शापाने शूद्रत्व येते. कलेला मान आणि कलावंताला खालची पायरी, ही महाराष्ट्राला तमाशाच्या निमित्ताने परिचित असलेली गोष्ट ग्रंथातही नोंदलेली सापडते.

प्राचीन अथेन्समध्ये दुसरा मार्ग अवलंबिला गेला. तेथे उत्सवात होणाऱ्या नाटकांना प्रवेशमूल्य असे, आणि गरीब नागरिकांना ते देता यावे म्हणून नगरीच्या तिजोरीतून पैसा वाटला जाई. अर्थात स्त्रियांना आणि गुलामांना नागरिकत्वच नव्हते, हे विसरून चालणार नाही. शेक्सपिअरच्या लंडनमध्ये एक पेनी देणारा रंगमंचासमोरच्या मोकळ्या अंगणात उभा राही, आणि अधिक देणाऱ्यास छपराखाली बसावयास मिळे. पाऊस आला तर भिजावयाचे कोणी, हे तिकिटानेच ठरत असे.

दोन नाटके, दोन आश्रय

सांगलीच्या खेळानंतर बारा वर्षांनी, १८५५ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक शेतकरी, त्याची गरोदर बायको, तिच्या पोटातील मुलाच्या ग्रहांचे भय घालून दोघांना नाडणारा जोशी, पाद्री आणि मधून मधून सत्य बोलून दाखविणारा विदूषक, असा त्याचा संच आहे. अखेरीस नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकावयास जातात. फुले यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले, परंतु कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून लोकांसमोर आले ते १९७९ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी.

या दोन नाटकांच्या वाङ्मयीन गुणांची तुलना येथे करावयाची नाही. पहिल्याला संस्थानिकाचा आश्रय होता, पुढे १८५३ साली मुंबईत भावे यांनी तिकीट लावून खेळ केले आणि तिकीट घेऊ शकणारा नवा शहरी वर्ग नाटकाला मिळाला. दुसऱ्याला ना राजाश्रय लाभला, ना सरकारी पारितोषिक, ना तिकीट घेणारा प्रेक्षक. ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या शेतकऱ्यांजवळ आश्रय देण्याजोगे काही नव्हते. कोणते नाटक इतिहासात जाते आणि कोणते पेटीत पडून राहते, हे ठरताना लेखणीच्या सामर्थ्याबरोबर अशा बाबींचाही वाटा असतो.

रेल्वेच्या वाटेने आलेली नाटके

१८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे संगीत नाटकाची झाली. पडदे, कपडेपट, वाद्ये आणि मोठा परिवार घेऊन फिरणाऱ्या कंपन्यांचा प्रवास रेल्वेने होई. साहजिकच मुक्काम रेल्वेच्या आणि पेठेच्या गावी पडत. कापसाच्या पैशाने वर आलेल्या खान्देशात व्यापारी, वकील, मामलेदार कचेरीतील नोकरवर्ग आणि शिक्षक हा प्रेक्षक तयार होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचे लहानपणीचे काही दिवस जळगावात नातलगांकडे गेले. गाण्याचे आरंभीचे शिक्षण त्यांना तेथेच मेहबूब खाँ यांच्याकडे मिळाले. जळगावचे खुले नाट्यगृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव अनेकांनी वर्णिले आहे. भरजरी शालू, खरे दागिने, मखमली पडदे, अत्तराचा सुगंध. बालगंधर्वांच्या लुगड्याची व केशभूषेची तऱ्हा सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी उचलली. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. नाटक त्या वर्गाचे चित्र दाखवीत होते, आणि तो वर्ग नाटकाकडे पाहून आपले घर सजवीत होता. हा आरसा इतका महाग पडला की कंपनी कर्जात बुडाली.

या नाटकांचे प्रेक्षागृहही दराप्रमाणे विभागलेले असे. पुढे खुर्च्या, मागे बाक, आणि सर्वांत स्वस्त जागेला ‘पिट’ हे नाव. पिटातल्या प्रेक्षकाविषयी त्या काळच्या लेखनात जे उल्लेख येतात त्यांत नाकाने कांदे सोलण्याचा सूर पुष्कळदा आढळतो. पिटाने शिट्ट्या वाजविल्या, पिटाने ‘वन्स मोअर’ मागितला, पिटासाठी विनोद घातला वगैरे. प्रत्यक्षात गाण्याचा दर्दी श्रोता पुष्कळदा याच जागेवर बसलेला असे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी केलेला प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. त्यांनी पॅलेस थिएटर बांधले आणि खासबागेचे कुस्तीचे मैदान त्याच्या पाठीस पाठ लावून उभारले. नाटकाचा प्रेक्षक आणि कुस्तीचा प्रेक्षक एकाच आवारात आला. ज्यांचे नाव पुढे या थिएटरला दिले गेले ते केशवराव भोसले गरिबीतून वर आलेले गायक नट होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी व बालगंधर्वांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले. श्रीमंतीचा मान आणि शौर्याचा अपमान हाच त्या नाटकाचा विषय असल्यामुळे त्या रात्रीला वेगळीच धार आली असली पाहिजे. कोल्हापूरचे हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले, तेव्हा शोक करणाऱ्यांत तालमीतले पैलवानही होते यात आश्चर्य वाटावयास नको.

चाळीसगावचा टांगा

वर्ग म्हणजे केवळ पैसा नव्हे, हे महाराष्ट्रात ध्यानात ठेवावे लागते. याचा एक दाखला चाळीसगावच्याच स्थानकावर घडला. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून या भागात आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतील मंडळींनी त्यांना रात्री राहण्याचा आग्रह केला. वस्ती नदीपलीकडे होती आणि तेथे जाण्यास टांगा हवा होता. गावातील एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला घेऊन जाण्यास तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेतला गेला, तो वस्तीतल्याच एकाने हाकावा असे ठरले, आणि सवय नसलेल्या हातांतून पुलावर घोडा उधळला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले व त्यांच्या पायाचे हाड मोडले. या प्रसंगाविषयी त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. हलके समजले जाणारे काम करणारा टांगेवालाही बॅरिस्टरपेक्षा स्वतःला उच्च मानतो, ही गोष्ट त्यांनी तेथे नमूद केली.

मिळकत, शिक्षण आणि हुद्दा यांनी ठरणारी पायरी एक, आणि जन्माने ठरणारी पायरी दुसरी. रंगभूमीवर या दोन्ही पायऱ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. तमाशाच्या फडात महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंत पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. त्यांची ढोलकी आणि लावणी ऐकावयास पाटील आले, सावकार आले, पेशवाईत सरदार आले. परंतु ऐकणाऱ्याचा हात तबकात पैसे टाकण्यापुरताच पुढे येई. उलट बाजूचा अनुभव पठ्ठे बापूराव यांनी घेतला. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव, सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष हे गाव. गावचे कुलकर्णीपण सोडून ते तमाशात शिरले आणि पवळाबाई या दलित कलावतीबरोबर त्यांनी फड गाजविला. जातीने त्यांना दूर केले. १९४५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर तोंडी होत्या आणि ते स्वतः विपन्नावस्थेत होते.

जलशापासून लोकनाट्यापर्यंत

ज्या समाजांकडे तमाशाची कला होती त्यांच्या हाती एक तयार हत्यार आहे, हे प्रथम ओळखले सत्यशोधकांनी. जुन्नरजवळच्या ओतूर येथील भीमराव महामुनी यांच्यासारख्यांचे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. रचना तमाशाचीच, म्हणजे गण, सवाल-जवाब, बतावणी, वग. विषय मात्र सावकारी, कर्मकांड आणि शिक्षण. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशांनी हाच साचा घेऊन वस्त्यावस्त्यांतून समतेचा विचार पोहोचविला. अक्षर न वाचणाऱ्या माणसाला सभेतील भाषणापेक्षा हा मार्ग जवळचा होता. विशेष असे की, या जलशाला नाट्यगृह लागत नव्हते, तिकीट नव्हते आणि पुढची-मागची बैठकही नव्हती. चावडीसमोरची किंवा वस्तीतली मोकळी जागा व एक कंदील एवढ्यावर तो उभा राही.

मुंबईच्या गिरणगावात १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढले. अण्णा भाऊंनी तमाशाच्या आरंभीच्या गणात फेरफार करून तेथे कष्टकऱ्यांना व मातृभूमीला वंदन आणले, आणि तमाशाचे ‘लोकनाट्य’ असे नामकरण रूढ केले. हा केवळ नावाचा प्रश्न नव्हता. ‘तमाशा’ म्हटल्यावर ज्या घरांचे दार बंद होई, ते ‘लोकनाट्य’ म्हटल्यावर उघडू लागले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. त्यानंतर वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून शहरातील तिकीटखिडकीवर गर्दी खेचली. १९७८ साली पु. लं.नीच जर्मन नाटककार ब्रेख्त यांच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. नारायणगावचा फड पुण्याच्या सुशिक्षित प्रेक्षकाला बर्लिनमार्गे जाऊन अधिक आदरणीय वाटला, असे कोणी म्हटल्यास त्यात थोडे तथ्य मानावे लागेल.

या प्रवासात लोकनाट्याला प्रतिष्ठा लाभली, पण ती फडावरच्या कलावंतापर्यंत तितकीशी पोहोचली नाही. विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता, तरी २००२ साली झालेल्या अखेरच्या आजारपणात पैशाची चणचण त्यांच्या वाट्याला आली. पुढे त्यांच्या नावाने राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

कामगार रंगमंचावर येणे आणि कामगाराने रंगमंचावर येणे यांत अंतर आहे. मामा वरेरकरांच्या ‘सोन्याचा कळस’ या १९३२ सालच्या नाटकात गिरणी आणि कामगार यांचा प्रश्न आला, तरी पाहणारा मुख्यतः मध्यमवर्गच राहिला. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी पाळीवरून सुटलेल्या माणसाच्या तोंडाला रंग लावला. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेच्या सोहळ्यातही झाले. त्यानंतर प्रेमानंद गज्वी यांचे ‘घोटभर पाणी’ आणि दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’ अशी नाटके लिहिली गेली. अलीकडे, २०१२ साली, जालना जिल्ह्यातील शेतकरी व कष्टकरी घरांतील तरुणांनी केलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत आपल्या बोलीत भरभरून प्रयोग केले. तेथे तिकीट काढून बसलेला आणि रंगमंचावर उभा असलेला, यांतील कोणाची भाषा प्रमाण, हा प्रश्न क्षणभर तरी उलटा झाला.

खान्देशचे पंचांग

खान्देशात बोलीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, अशा दोन भाषांत येथील मूल वाढते. शहरी नाटकात बोली पुष्कळदा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी टाकलेली असते, आणि प्रेक्षक हसतो तो वाक्याला की बोलण्याच्या ढबीला, हे सांगणे कठीण जाते. येथील तमाशाच्या वगात मात्र राजाही अहिराणीत बोलू शकतो. डफ-ढोलाच्या साथीवर गटागटाने गायिली जाणारी वही ही तर खान्देशची स्वतःची चीज आहे. पौराणिक आख्याने आणि गावातल्या घडामोडी दोन्ही वहीत येतात. पश्चिमेस साक्रीकडे देवदेवतांचे मुखवटे नाचविणारा भोवाडा आहे, तर १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी बोलींतून रात्रभर खेळ करणाऱ्या सोंगाड्या पार्ट्या आहेत. या खेळांत कलावंत आणि प्रेक्षक एकाच शिवारात राबणारे असतात. ‘प्रेक्षक घडविण्याचा’ जो प्रश्न शहरातील संस्थांना पडतो तो येथे उद्भवत नाही.

पण येथेही वर्गाची रेघ आहे, आणि ती पंचांगात दडलेली आहे. चाळीसगाव तालुक्यातील कित्येक कुटुंबे, विशेषतः तांड्यांवरची, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखात परततात. हौशी मराठी राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या जळगावसह निरनिराळ्या केंद्रांवर साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरात होतात. शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात. म्हणजे जिल्ह्याचा आणि शाळेचा नाट्यहंगाम भर रंगात असतो तेव्हा तालुक्यातील सर्वांत कष्टकरी भाग उसाच्या फडात असतो. त्यांची मुले, आईबापांबरोबर गेलेली असल्यास, स्नेहसंमेलनाच्या नाटकात कधी दिसत नाहीत. पाटीलकीचा वेष कोणाच्या मुलाला मिळाला आणि भालदार कोण झाला, यावरून गावात रुसवेफुगवे होतात ते वेगळेच. पण ज्याला भालदारही होता आले नाही त्याचा रुसवा कोणाच्या कानी पडत नाही.

खान्देशातील कष्टकऱ्याचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. सालदाराचे साल या दिवशी संपते व नवे ठरते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. उसतोडीची माणसेही तोवर परत आलेली असतात. दसऱ्यास बाहेर पडलेला तमाशाचा फड बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतो आणि गावोगावच्या जत्रा याच दिवसांत भरतात. जे नाटक या हंगामात गावात येते तेच या वर्गाचे नाटक ठरते. त्यात निवड त्याची नसते.

सुपारी कोण देतो

ही निवड प्रत्यक्षात कोण करतो, हे पाहावयाचे असल्यास गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावी जावे. तेथे फडमालक राहुट्या उभारून बसतात. गावोगावचे यात्रा समितीचे पंच व सरपंच येतात, राहुटीत बसून तारीख आणि रक्कम ठरवितात व सुपारी देतात. सुपारी म्हणजे गावाने वर्गणीतून खरेदी केलेला खेळ. तो गावाला फुकट असतो, कोणालाही बसता येते. तिकिटाच्या तंबूत पैसे नसलेला बाहेर राहतो, सुपारीच्या खेळात तो आत येतो. पण फडात काय व्हावे, वग अधिक हवा की चित्रपटातील गाणी अधिक हवीत, हे राहुटीत बसलेले पाच-सात जण ठरवितात. त्यांत स्त्रिया क्वचितच असतात, आणि खेळ पाहावयासही स्त्रिया पुष्कळ गावांत येत नाहीत. पंचायतीत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, तरी राहुटीपर्यंत हा बदल पोहोचलेला नाही. वर्गणी घरटी सारखी असो वा नसो, तिच्यात अर्ध्या गावाचे मत मोजलेच जात नाही.

विदर्भातील झाडीपट्टीने वेगळी वाट काढली आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भातपट्ट्यात दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. वडसा (देसाईगंज) या रेल्वेच्या गावी नाट्यमंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. गावातील मंडळ नाटक ठरविते, तिकीट लावते, शिल्लक राहिल्यास गावाच्या कामी वापरते. स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे पोती-चटया घेऊन येतात व पहाटेपर्यंत बसतात. झाडीपट्टीचे नाटक मेलोड्रामाचे आहे, त्यात ठसकेबाज गाणी आहेत, म्हणून शहरी समीक्षक त्याकडे फारसे वळले नाहीत. परंतु पीक, पैसा आणि मोकळा वेळ हे तिन्ही ज्या महिन्यात एकत्र येतात तो महिना त्यांनी नाटकाला दिला, ही व्यवस्था खान्देशने अभ्यासण्यासारखी आहे.

श्रेणी आणि मानधन

वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची शासनाची योजना १९५०च्या दशकापासून चालू आहे. तिच्यात दीर्घकाळ अ, ब, क अशा तीन श्रेणी होत्या. राष्ट्रीय पातळीवरचा कलावंत पहिल्या श्रेणीत, राज्य पातळीवरचा दुसऱ्या आणि जिल्हा पातळीवरचा तिसऱ्या. वही गाणारा किंवा भोवाड्यात मुखवटा नाचविणारा कलावंत आपल्या शिवाराबाहेर गेलेलाच नसे. त्यामुळे त्याची जागा, मिळालीच तर, ‘क’ मध्ये. कलेचा कस आणि ती किती दूरवर दाखविली गेली हे अंतर, या दोन गोष्टी येथे एक धरल्या गेल्या होत्या. २०२४ साली या श्रेणी रद्द होऊन सर्वांना दरमहा सरसकट ५,००० रुपये मानधन ठरले, आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

श्रेणी गेली तरी पुरावा राहिला. अर्जासोबत कलाक्षेत्रातील कार्याचे दाखले लागतात. शहरातील हौशी नटाजवळ स्पर्धेची प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, छापील कार्यक्रमपत्रिका असतात. आखाजीच्या रात्री उभ्या जन्मात वही गायिलेल्या माणसाजवळ यांतले काही नसते, कारण त्याच्या खेळाची पत्रिका कोणी छापलीच नव्हती. ग्रामपंचायतीने जत्रेच्या जमाखर्चात वही-मंडळाला दिलेल्या बिदागीची नोंद नावानिशी केली, किंवा शाळेने त्या मंडळाला संमेलनात बोलावून आभाराचे पत्र दिले, तर पुढे वीस वर्षांनी तोच कागद दाखला म्हणून उपयोगी पडतो. ही नोंद बहुतेक गावांत ‘करमणूक खर्च’ या एका ओळीत, रकमेसह आणि नावांवाचून, होत असते.